दोन हातांचा पाय

माझ्या वडिलांना एका फेरीत दोन कामं उरकायची फार हौस होती. लग्नाला निघाले की त्याच गावात एखादी म्हैस बघून यायचं ठरवत, आणि म्हैस बघता बघता तिकडे लग्न लागून जाई. मयताला गेले तरी येताना बियाणं घेऊन येत. ही हौस त्यांनी जन्मभर जपली आणि आईने ती जन्मभर सोसली. मी सांगते आहे तो दिवस म्हणजे त्या हौसेचा कळस. त्या दिवशी त्यांनी सायकलींची दौड आणि माझ्या पायाचा नवस एकाच दाव्याला बांधले.

आम्ही तेव्हा परतूरला राहत होतो. निजामी अंमल होता. वडील तहसिलीत कारकून. दिवसभर कचेरीत उर्दू लिहायचे आणि संध्याकाळी आईशी अर्धं उर्दूत भांडायचे. सुट्टी जुम्म्याची. घरात आम्ही चौघं: आई, वडील, मी आणि माझी आत्या. आत्या वडिलांची धाकटी बहीण, लहानपणीच विधवा होऊन माघारी आलेली. सोवळ्यात कडक, पण कुठे काही गंमत चालली असेल तर सगळ्यांच्या पुढे.

मी आठ वर्षांची होते. आदल्या पावसाळ्यात माझ्या उजव्या पायात, गुडघ्याखाली, बाभळीचा काटा मोडला. काटा निघाला, टोक आत राहिलं. पाय सुजला, पिकला, वाकडा झाला आणि तीन महिने मी खाटेवर पडून राहिले. वैद्य झाले, हकीम झाले, स्टेशनाजवळचा कंपाउंडर झाला. शेवटी मिशनची नर्सबाई आली. तिने चीर देऊन पू काढला, आणि जाता जाता आईला एक गोष्ट सांगितली. चार कोसांवरच्या एका खेड्यात तिच्या पाद्रीबुवांनी दगड रचून एक गुहा केली होती आणि तीत मरियामाउलीची मूर्ती बसवली होती. थंडी सरताना तिचा सण असतो. जो अवयव बरा झाला तो मेणाचा करून लोक तिला वाहतात.

आईने तिथेच पदर पसरला. "पोरगी सणापस्तोर चालाय लागली तर याच सणाला मेणाचा पाय वाहीन."

आत्या दाराआडून म्हणाली, "वैनी, आपले देव संपले का?"

"सगळ्यांला सांगून झालं, वन्सं. आता एक बाई दुसऱ्या बाईला सांगून राह्यली."

संक्रांतीला मी अंगणात चालले. पाय वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखा बारीक झाला होता, गुडघ्याखाली अंगठा मावेल एवढा खळगा पडला होता, पण चालत होता. तेव्हापासून आई त्या पायाकडे शेजारणीचं भांडं घरात आलेलं असावं तशी बघायची. तिचं म्हणणं सरळ होतं. पाय बोलले म्हणजे पाय. याच सणाला बोलले म्हणजे याच सणाला. त्यात हयगय झाली की आलेला पाय आल्या वाटेने परत जायचा. हे ती कुणाला पटवायला गेली नाही. तिला ते ठाऊकच होतं.

सण त्या वर्षी नेमका जुम्म्याला आला. आईला वाटलं, माउलीनेच सुट्टी जुळवून दिली. आणि आठ दिवस आधी वडील कचेरीतून आले ते उंबरठ्यातूनच सांगत आले.

"दौड ठरली. सायकलींची. कापसाच्या जिनिंगपासून त्या माउलीच्या गावापर्यंत. त्याच जुम्म्याला. पाद्रीबुवा स्वतः झेंडी दाखवणार. म्हंजे बघ, एकाच खर्च्यात दोन्ही."

आई भाकरी थापत होती. थापत राहिली. मग म्हणाली, "दौड बघाय कुठं उभं ऱ्हायचं आपण?"

"बघायला? मी नाव देऊन आलो."

वडिलांचं वय तेव्हा चाळिशीच्या पुढे, पोट कमरपट्ट्याच्या पुढे, आणि सायकल वर्षभराची. ती सायकल ते घरात बाजेशेजारी उभी करत. तिला रोज खोबरेल तेलाचा हात फिरायचा. आत्या म्हणे, "दादा, तिला कुकू लावून टाक, सवत म्हणायला बरं पडंल." वडील हसायचे आणि घंटीवर बोट फिरवायचे.

दौडीचा त्यांनी केलेला बंदोबस्त असा होता. आम्ही बायका बैलगाडीने पहाटेच निघायचं. अर्ध्या वाटेवर एक नाला लागतो, तिथे थांबायचं. का, तर पंप, पंक्चरची डबी, जास्तीची ट्यूब आणि लिंबू-साखर गाडीत ठेवायची. हे सगळं सायकलवर बांधलं तर वजन होतं आणि वजनाने रफ्तार जाते. वडील नाल्यावर येतील, लिंबू पितील, चाकाला दोन हात हवा मारतील आणि वाऱ्यासारखे पुढे जातील. मग आम्ही मागून आरामात यायचं.

"दहा मिनटांचा सवाल हाय," ते म्हणाले.

"घंटा किती वाजता व्हती म्हन्ली नर्सबाई?" आईने मला विचारलं, त्यांना ऐकू जावं म्हणून.

"बारा वाजता," मी म्हणाले. बाराच्या घंटेला पाद्रीबुवा वाहिलेल्या वस्तूंना आशीर्वाद देत आणि माउलीपुढची जाळी लावून घेत. नंतर आलेल्याची वस्तू त्या सणाची धरत नसत.

"बारा कुठं," वडील म्हणाले, "मी नऊला तिथं असतो. बिलकुल फिकीर करू नको."

नाल्यावर आम्ही सूर्य हातभर वर यायच्या आत पोचलो. दोन्ही बाजूंना करडई पिवळी झालेली, ज्वारीची काढणी चाललेली. गडीमाणसाने बैल सोडले. आत्याने सोवळ्याचा डबा उघडून धपाटी काढली. आई गाडीतून उतरलीच नाही. मांडीवर खण-नारळाचं ताट घेऊन ती वाटेकडे तोंड करून बसली.

पहिला डाकवाला आला. रोज टपाल घेऊन हिंडणारा काटक माणूस, डोक्याला रुमाल बांधलेला. तो आमच्याकडे बघूनही न बघता नाल्यातून सायकल उचलून पार झाला. त्याच्यामागे जिनिंगमधली दोन पोरं, मग एक पोलिस जवान, मग कुणी कुणी. मी बोटांवर मोजत होते. दहा गेले. दौडीत अकरा होते.

मग कुणीच आलं नाही. करडईवर पाखरं बसली, उठली. कापसाची एक गाडी गेली. आई त्या गाडीवानाला विचारती झाली, "वाटंत सायकल दिसली का?"

"दिसली की," तो म्हणाला. "उलटी."

"उलटी म्हंजे?"

"चाकं वर. एक मोठे साहेब तिच्याकडं बघत बसल्ते."

वडील आले तेव्हा ते सायकलवर नव्हते, सायकल त्यांच्यावर होती. खांद्यावर घेऊन, घामाने निथळत, आणि तरी चेहरा असा की आम्हीच उशीर केला.

"काटा," ते म्हणाले. "बाभळीचा. टायरमधून आरपार."

आई म्हणाली, "एक काटा माझ्या पोरीच्या पायात गेला तवा तुम्ही म्हन्ला व्हता, येवढ्याशा काट्यानं काय हुतं."

त्यांनी ऐकलं नाही. ते पंप मागत होते. नाल्याच्या पाण्यात ट्यूब धरून बुडबुडे शोधायला सुरुवात झाली. एक भोक सापडलं. ते बंद केलं, हवा भरली, पुन्हा पाण्यात धरली, दुसरीकडून बुडबुडे. मी शेजारी बसून प्रत्येक बुडबुडा मोठ्याने सांगत होते, आणि मला कबूल केलं पाहिजे की एक-दोन बुडबुडे मी माझ्या मनाचेही सांगितले. मला ती मौज वाटत होती. आईची काय अवस्था होती ते मला आज कळतं.

"ती दुसरी ट्यूब घाला ना," आई म्हणाली.

"ती नवी हाय. नवी असं रस्त्यात घालतात का कुणी?"

"मंग ती आणली कशाला?"

"असावी जवळ."

आत्या धपाटं चघळत म्हणाली, "दादा, डाकवाला पोचून पाद्रीबुवाची पत्रंबी वाचून झाली असतील."

शेवटी आईने गाडी जुंपायला सांगितली. वडील म्हणाले, गाडी गेली तर पंप जाईल. आई म्हणाली, पंप ठेवून घ्या. वडील म्हणाले, मग वजन होईल. आईने डोळे मिटले. ती असे डोळे मिटायची तेव्हा आम्ही सगळे गप्प बसत असू. मग असं ठरलं की गाडी पुढे चालेल आणि वडील तिच्या मागेमागे सायकलवर येतील, पंप हाताशी राहील. म्हणजे चार कोसांच्या दौडीतले शेवटचे दोन कोस माझे वडील बैलांच्या चालीने, बैलांच्या शेपट्यांकडे बघत, धुळीत ठसकत धावले. धावले हे त्यांचं क्रियापद. पुढे कितीतरी वर्षं ते पाहुण्यांना सांगत, "आम्हीबी धावलो त्या दौडीत."

गावात शिरलो तेव्हा दौड कधीच संपली होती. डाकवाला गळ्यात झेंडूची माळ घालून लिंबाखाली झोपला होता, आणि त्याला बक्षीस मिळालेला सायकलचा दिवा उशाशी होता. माणसं खच्चून भरलेली. दूरदूरच्या खेड्यांतले ख्रिस्ती लोक, आणि त्यांच्याइतकेच आमच्यासारखे. कुणीतरी ढोलकीवर माउलीची भजनं म्हणत होतं. आम्ही देवीला म्हणतो त्याच चालीत, फक्त नावं वेगळी. गुहा लहानशी होती, काळ्या दगडांची. आत पांढऱ्या लुगड्यातली, कमरेला निळा पट्टा बांधलेली माउली. पुढ्यात नारळांचा ढीग आणि खणांची चळत. आत्याने ते बघून मान हलवली आणि म्हणाली, "व्वा, हितं तर सगळं आपलंच हाय." ती एकदम खूश झाली आणि पुढच्या रांगेत जागा बघायला गेली.

आई मात्र थेट मेणवालीकडे गेली. वाटेच्या कडेला गोणपाट अंथरून एक बाई बसली होती, त्या गावचीच, ख्रिस्ती झालेली. पुढ्यात मेणबत्त्या आणि मेणाचे अवयव.

"एक पाय द्या," आई म्हणाली.

"पाय संपले, बाई."

आईला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "पाय. लहान पोरीचा."

"लहान न्हाई, मोठा न्हाई. औंदा नारू किती झालाय. विहिरीचं पाणी पिऊन गावंच्या गावं लंगडी झाली. पाय सकाळच्यालाच उठले. दोन पाट्या आणल्त्या." तिने मालावर हात फिरवला. "हात हायेत. डोळे हायेत. मुंडकं हाय. पाळणा हाय, घर हाय. गायबी हाय एक."

आई वळली. वडील मागे सायकल धरून उभे होते. ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. मी माझ्या वडिलांना तहसीलदारापुढे उभं राहिलेलं पाहिलेलं आहे. तेव्हाही ते इतके बारीक दिसले नव्हते.

"हात घे की," ते म्हणाले. "हात काय, पाय काय. देवाला कळतंय सगळं."

"देवाला कळतंय. मी बोलले काय व्हते, तेबी त्याला कळतंय."

मेणवालीला आमची दया आली असावी. तिने गोणपाटाखालून एक बाहुली काढली. अख्खी मुलगी, वीतभर, दोन्ही हात जोडलेली, खाली दोन पाय. "ही घ्या. हिच्यात पाय आलेच."

वडिलांचा चेहरा उजळला. "बराबर. एक मागितला, दोन मिळाले." त्यांनी हात पुढे केला.

आईने तो हात वरच्या वर धरला. तिच्या हाताची पकड इतकी घट्ट की वडील दचकले. आत्या गर्दीतून परत आली होती, तिने बाहुली बघितली आणि तिचाही आवाज खाली आला.

"वैनी, अख्खी पोर वाहायची?"

"न्हाई," आई म्हणाली.

वडिलांना कळेना. मला तर मुळीच कळेना. आत्याने भावाला बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा मी कान देऊन ऐकलं. आपल्याकडे मूल देवाला वाहतात ते माहीत आहे ना, ती म्हणाली. मुरळी कशी सोडतात? देवापुढे पोर वाहिली की ती घरची राहत नाही. पाय वाहिला तर पाय फिटला. पोर वाहिली तर पोर गेली. मेणाची असो नाहीतर कशाची.

हे ऐकून मी आईच्या पदराला धरलं ते सोडलंच नाही. मी त्या गुहेकडे बघितलं. माउली माझ्याकडेच बघत होती, मला ठेवून घ्यायच्या विचारात.

तेवढ्यात पाद्रीबुवा तिथून चालले होते. गोरे, उंच, पांढरा झगा, पिंगट दाढी. वडिलांनी त्यांना थांबवून सगळी अडचण सांगितली. पाद्रीबुवांनी मराठी पुस्तकातून शिकलेली होती आणि ते ती पुस्तकासारखीच बोलत. ते आईला म्हणाले, "बाई, आपण भय धरू नये. माउली कोणाचीही कन्या ठेवून घेत नसते."

आईने पदर सारखा केला आणि मान खाली घालून म्हणाली, "बरं." पाद्रीबुवा वळल्यावर ती आत्याला म्हणाली, "त्यांला काय जातंय सांगायला. त्यांला पोरंबाळं कुठं हायेत."

आता वडिलांचं बघा. अशा वेळी कुणीही बायकोजवळ उभं राहील, काही उपाय काढील. वडिलांची नजर पाद्रीबुवांच्या मागे भिंतीला टेकवलेल्या सायकलवर गेली. विलायती सायकल. मागच्या चाकाच्या मधोमध एक फुगीर डबी, तिच्यातून निघून दांड्यापर्यंत आलेली तार.

"हे काय, फादर?"

"त्यात तीन वेग आहेत," पाद्रीबुवा म्हणाले. "चढणीचा, सपाटीचा आणि उतारीचा."

"तीन," वडील म्हणाले, आणि माझ्या पायाचा विषय त्यांच्यापुरता तिथे संपला. दोघंही चाकाशेजारी उकिडवे बसले. पाद्रीबुवांचा झगा धुळीत लोळत होता.

गुहेवरच्या घंटेशी एक म्हातारा दोरी धरून उभा होता. सावली पायाखाली यायला फार वेळ नव्हता. आई त्या गोणपाटापुढे उभी होती, तिचे ओठ हलत होते. मग तिने एकदम पदर खोचला आणि मेणवालीला विचारलं, "पाय करायचा साचा हाय?"

"घरी हाय. घर दीड कोसावर."

"हे हात कशाचे? ह्याच मेणाचे?"

"ह्याच."

"दोन द्या. न् तुमच्या चुलीवर पाणी हाय का गरम?"

मेणवालीच्या मागे तीन दगडांची चूल होती, तिच्यावर कसलंसं पातेलं. आईने दोन मेणाचे हात त्या पाण्यात सोडले. आत्या कळवळली. "वैनी, पाणी कुणाचं?"

"पाय शिजवून राह्यले, वन्सं. पीत न्हाई."

मेणवाली हसली, आणि आत्यालाही हसू आलं पण तिने ते गिळलं. आईने मऊ झालेले दोन्ही हात बाहेर काढले आणि मळायला घेतले, कणीक मळावी तसे. सहा-सात बोटं तिच्या मुठीत दिसली, मग चार, मग एकही नाही. माणसं गोळा व्हायला लागली. कुणीतरी विचारलं, काय चाललंय. मेणवाली म्हणाली, "बाई दोन हातांचा एक पाय करून राह्यली." हे कळताच गर्दी दुप्पट झाली.

"बस तिथं," आई मला म्हणाली. "न् पाय काढ परकराबाहेर."

मी उपड्या पाटीवर बसले. समोर पन्नास माणसं. त्यांच्यात माझ्याच वयाची एक मुलगी होती, चांगली गोल पोटऱ्यांची, दोन वेण्या घातलेली, आणि ती टक लावून माझ्या परकराच्या काठाकडे बघत होती. त्या पोरीला माझी शेवग्याची शेंग दाखवायची या कल्पनेनेच माझा जीव गेला. मी काय केलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी डावा पाय बाहेर काढला. धडधाकट, भरलेला, चांगला पाय. उजवा परकरात ओढून घेतला.

कुणाला कळलं नाही. आत्या घंटेकडे बघत होती. आईने एकदा माझ्या पायाकडे पाहिलं आणि हातातल्या मेणाकडे वळली. गोळा तिने तळव्यांत लांबवला, चिमटीने घोटा काढला, मग टाच. एवढ्या माणसांनी वेढलेली माझी आई मातीत बसून पाय करत होती, आणि तिच्या कपाळावरचा घाम पुसायलाही तिला हात मोकळा नव्हता. तो मेणवालीने आपल्या पदराने पुसला. आत्याने ते पाहिलं आणि पुन्हा घंटेकडे तोंड फिरवलं.

आणि हळूहळू माझ्या ध्यानात आलं. आईने माउलीला आजारी पाय कबूल केला होता आणि मी तिच्याकडून चांगला पाय करवून घेत होते. आता माउलीपुढे भलताच पाय जाणार. उजव्याचा नवस राहिला म्हणून उजवा परत जाणार. आणि डावा? वाहिलेली वस्तू घरची राहत नाही हे आत्ताच आत्याने सांगितलं होतं. म्हणजे डावाही गेला. मी पाटीवर बसल्या बसल्या दोन्ही पायांना मुकले. तरी तोंड उघडेना, कारण ती वेणीवाली अजून बघतच होती.

"झाला," आई म्हणाली. तिने पाय गार पाण्यात बुचकळला.

म्हातारा दोरीला हात घालून पाद्रीबुवांची वाट बघत होता. बारा वाजून गेले होते. पाद्रीबुवा तीन वेगांतला दुसरा समजावून सांगत होते. वडील नंतर घरी कायम म्हणत, "मीच थांबवून ठेवलं त्यांला. न्हाईतर तुमचा पाय गेल्ताच."

आईने तो पाय माझ्या दोन्ही हातांत दिला. "तू चालत जाऊन ठेव. तुझा हाय."

मी गर्दीतून चालले. माउलीपुढे दगडाचा एक कट्टा होता, त्यावर पायच पाय, नारूवाल्यांचे, सगळे एका साच्याचे, गुळगुळीत. मी माझा ठेवायला वाकले आणि तेव्हा तो मी पहिल्यांदा नीट पाहिला. तो बारीक होता. पोटरीला मांस नव्हतं. गुडघ्याखाली एक खळगा होता, आईचा अंगठा मावेल एवढा. मी परकर थोडा वर करून माझा उजवा पाय त्याच्याशेजारी टेकवला. अंगठा डावीकडे, करंगळी उजवीकडे. मेणाच्या पायाचाही अंगठा डावीकडे, करंगळी उजवीकडे.

मी मागे वळून बघितलं. आई माझ्या अगदी पाठीशी होती.

"ठेव," ती हळूच म्हणाली. "बघत काय बसलीस. कुठला पाय काढल्तास ते दिसलं मला."

"मंग बोलली का न्हाईस?"

"पन्नास माणसांत तुझा तमाशा करू का?" तिने माझा परकर खाली ओढला. "तीन महिने रोज रातच्याला तेल चोळलंय त्या पायाला. मला बघून करावा लागतोय व्हय तो?"

मी पाय ठेवला. वर घंटा एकदाची वाजायला लागली, आणि पाद्रीबुवा झगा झटकत, हाताला वंगण लागलेलं, लगबगीने आले. त्यांनी त्याच हाताने सगळ्या पायांना आशीर्वाद दिला. आईने डोळे मिटून हात जोडले होते. ते मिटलेले डोळे नाल्यावरच्यासारखे नव्हते. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि तिचा श्वास सुटलेला मला ऐकू आला.

मग तिने डोळे उघडले, भिंतीकडे पाहिलं आणि माझा दंड धरला.

"चल लौकर. तुझ्या बापानं पाद्र्याच्या सायकलचं चाक खोललंय."

खरंच खोललं होतं. सुटे भाग वडिलांनी आपल्या उपरण्यावर ओळीने मांडले होते, आणि आता त्यातला कुठला आधी बसवायचा हे ते डाकवाल्याला झोपेतून उठवून विचारत होते.